ताट लहान हवं, हलकं नको

साठी उलटली की त्या माणसाच्या ताटाबद्दल घरात सगळ्यांचं एकमत होतं. आता कमी खावं, हलकं खावं, रात्री तर मऊ भात नाहीतर पेज पुरे. सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि त्यातला अर्धा भाग विज्ञानालाही मान्य आहे. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांचा रोजचा ऊर्जाखर्च मांडला. त्यांत आठ दिवसांची बाळं होती आणि ९५ वर्षांचे वृद्धही होते. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. उतरण लागते ती साठीनंतर, वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने, आणि नव्वदीतल्या माणसाचा ऊर्जाखर्च मध्यमवयीन माणसापेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी भरतो. तेव्हा चारच्या दोन पोळ्या झाल्या, भाताचा ढीग मुदीवर आला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होते. ऊर्जेची गरज घटली म्हणजे सगळ्याच गरजा घटल्या, असं आपण धरून चालतो.

प्रत्यक्षात वेगवेगळ्या गरजा वेगवेगळ्या दिशांनी जातात. पाळी थांबल्यावर स्त्रीची लोहाची गरज उतरते. ‘ड’ जीवनसत्त्वाचं उलट होतं: उन्हाच्या मदतीने ते तयार करण्याची त्वचेची क्षमता ऐंशीच्या आसपास विशीच्या आतल्या मुलांच्या तुलनेत निम्म्याहूनही खाली येते, हे मॅकलॉलिन आणि होलिक यांनी १९८५ मध्येच दाखवलं. जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातल्या प्रथिनांना चिकटून असलेलं ब१२ सुटं होत नाही. मग खाण्यात ते असूनही अंगी लागत नाही, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाला हा फटका दुहेरी बसतो. तहानेची जाणीवही बोथट होते, म्हणून तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ हा नियम म्हातारपणी पुरत नाही. पण ज्या गरजेकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि जिच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत सर्वांत मोठी असते, ती प्रथिनांची.

तिशीनंतर दर दशकाला ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला सार्कोपेनिया हे नाव दिलं, तोपर्यंत वैद्यकातही ते ‘वयाचं’ म्हणून सोडून दिलं जात होतं. स्नायू म्हणजे नुसती ताकद नव्हे. खुर्चीतून हात न टेकता उठणं, बाथरूममध्ये तोल गेला तर सावरणं, जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणं, आजारपणात शरीराला लागणारी अमिनो आम्लं पुरवणं, ही सगळी कामं त्यांची. तरुणपणी जेवणातली प्रथिनं पोटात गेली की स्नायूंची बांधणी लगेच वेग घेते. वृद्ध स्नायू त्याच हाकेला उशिरा आणि कमी प्रतिसाद देतो. २०१५ मध्ये डॅनियल मूर यांच्या गटाने याचं मोजमाप केलं. एका वेळच्या खाण्यात वजनाच्या दर किलोमागे तरुणाला सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिनांत जो परिणाम साधतो, त्यासाठी सत्तरीतल्या माणसाला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणून वृद्धांच्या पोषणाचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये निरोगी वृद्धांसाठी रोज दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आणि आजारी वृद्धांसाठी १.२ ते १.५ ग्रॅमची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा २०२० चा प्रौढांसाठीचा आकडा ०.८३ ग्रॅम आहे.

आता आपल्या ताटाचा ढोबळ हिशेब मांडू. ५५ किलो वजनाची बाई धरली तर परिषदेच्या आकड्याने तिला रोज ४५ ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत आणि प्रॉट-एजच्या शिफारशीने ५५ ते ६६. सकाळी चहा-बिस्किटं, मग बशीभर पोहे, दुपारी पातळ वरण, भात आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मऊ भात आणि कपभर दूध. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम २० ग्रॅम डाळ असते, म्हणजे साडेचार ग्रॅम प्रथिनं. पोह्यांचे चार, दोन्ही वेळच्या भाताचे मिळून सात-आठ, दूध आणि चहा यांचे आठ, बाकी किरकोळ. बेरीज तिशीच्या आगेमागे येते. पोट भरलेलं असतं, कुणाची तक्रार नसते आणि स्नायू मात्र रोज उपाशी राहतो. भाकरी चावत नाही म्हणून सुटते, मटकी-चवळी बाधते म्हणून सुटते, दाण्यांचं कूट खोकल्याच्या भीतीने सुटतं. वगळलेल्या प्रत्येक पदार्थाची जागा बिस्किट, टोस्ट किंवा भात घेतो.

यावर पहिला आक्षेप दीर्घायुष्याचा. मिताहारी माणसं जास्त जगतात, ओकिनावातले शतायुषी कमीच खात, मग प्रथिनांचा हा आग्रह कशाला? या आक्षेपामागे पुरावा आहे. २०१४ मध्ये मॉर्गन लेव्हाइन, वाल्टर लाँगो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी पाहणीच्या आकड्यांवरून दाखवलं, की ५० ते ६५ या वयात भरपूर प्रथिनं खाणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त होते, आणि ही प्रथिनं वनस्पतींतली असली की हा संबंध फिका पडत होता. पण त्याच अभ्यासात पासष्टीनंतर चित्र पालटलं: जास्त प्रथिनं घेणाऱ्यांत कर्करोगाचे आणि एकूणही मृत्यू कमी होते. पन्नाशीत लागू पडणारं पथ्य सत्तरीत तसंच चालू ठेवणं हीच गफलत आहे. ऊर्जा जाणूनबुजून कमी करण्याचा ‘कॅलरी’ हा गाजलेला प्रयोगही पन्नाशीच्या आतल्या, निरोगी माणसांवर झाला होता. आपोआप घटणारं वजन हे म्हातारपणी मिताहाराचं बक्षीस समजू नये. सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी उतरलं, तर डॉक्टर तो धोक्याचा इशारा मानतात.

दुसरा आक्षेप मूत्रपिंडांचा, आणि तो गंभीर आहे. मूत्रपिंडाचं काम बरंच खालावलेलं असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनं मर्यादित ठेवावी लागतात. प्रॉट-एजनेही हा अपवाद स्पष्ट लिहिला आहे. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने क्रिएटिनिन तपासून, डॉक्टरांशी बोलूनच ताट बदलावं. पण ज्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत त्यांनीही या भीतीने डाळ पातळ करत जावं, याला आधार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. २०१८ मध्ये शलेंदर भसीन यांच्या गटाने हालचालींवर मर्यादा आलेल्या पासष्टीपुढच्या पुरुषांना सहा महिने मोजूनमापून जेवण दिलं, काहींना दर किलोमागे ०.८ ग्रॅम आणि काहींना १.३ ग्रॅम प्रथिनांचं. दोन्ही गटांच्या स्नायुभारात फरक पडला नाही. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, मारिया फियातारोन यांनी बोस्टनमधल्या शुश्रूषागृहातल्या शंभर दुर्बल वृद्धांवर प्रयोग केला होता. सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनं वापरून व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली; नुसतं पोषक पेय मिळालेल्यांना काहीच लाभ झाला नाही. हे दोन्ही निष्कर्ष मला मान्य आहेत आणि माझ्या मते त्यांनी मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. खुर्चीतून दहा वेळा उठबस, जिना, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम, यांच्याशिवाय प्रथिनांचे महागडे डबे व्यर्थ आहेत. तज्ज्ञांचा वाद ०.८ पुरे की १.२ हवेत, असा आहे. रोज तीस ग्रॅमच्या आगेमागे अडकलेलं आपलं ताट दर किलोच्या या दोन्ही आकड्यांच्या खाली आहे, त्यामुळे वादाचा निकाल कसाही लागला तरी ते सुधारावंच लागेल.

याची सर्वांत जास्त निकड आजारपणात असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायुभार गेला. जेवण रोजच्या शिफारशीइतकं होतं. आपल्याकडे खुब्याचं हाड मोडून पडलेल्या आजीला नेमकी याच दिवसांत आठवडेच्या आठवडे भाताची पेज आणि नारळपाणी मिळतं. तिला गरज असते ती मुगाच्या घट्ट वरणाची, दह्याची, चालत असेल तर अंड्याची, किनारपट्टीवर मऊ शिजवलेल्या माशांची. दात नसले तरी पिठलं, धिरडी, कूट घातलेली कोशिंबीर, पनीरची भुर्जी चावता येते. तीस ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, तेवढीच एका अंड्यात. आणि ती तिन्ही वेळच्या खाण्यात वाटलेली हवीत, कारण सकाळच्या चहा-बिस्किटाची भरपाई रात्रीच्या एका जेवणात नीट होत नाही.

उपासांचा प्रश्नही इथेच येतो. वय वाढतं तसे अनेक बायकांचे उपास वाढतात, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. उपास सोडा असं सांगण्याची गरज नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हा बेत उपासाला पूर्वापार चालतच आला आहे. आमटीत चाळीस ग्रॅम कूट घातलं तर दहा ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळतात. सोबत वाटीभर दही आणि राजगिऱ्याची भाकरी घेतली, तर एकादशीचं हे जेवण रोजच्या वरणभातापेक्षा प्रथिनांत सरस ठरतं.