अखेरची मुसंडी
रानवाटेच्या शर्यतीमागील पदार्थविज्ञान

शर्यत पाहणाऱ्याला सर्वांत आवडणारा क्षण कोणता? अर्थात शेवटचा! मैल-दोन मैल शांतपणे मागे राहिलेला एखादा धावपटू अंतिम रेषा दिसू लागताच मुसंडी मारतो, एकेकाला मागे टाकतो आणि छाती पुढे काढून फीत तोडतो. प्रेक्षक म्हणतात, "काय जिद्द आहे!" जिद्द असतेच, पण तेवढ्याने भागत नाही. या मुसंडीमागे ऊर्जेचा एक काटेकोर हिशेब असतो. तो मांडायला तुमच्या शाळेतले गणित पुरेसे आहे.

यासाठी आपण अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या 'क्रॉस-कंट्री' शर्यतींचे उदाहरण घेऊ. तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात हजारो मुले-मुली बागांतून, गोल्फच्या मैदानांतून, चढउतारांच्या रानवाटांवरून धावतात. अंतर बहुतेक राज्यांत ५ किलोमीटर असते. इलिनॉय राज्यात ते ३ मैल, म्हणजे सुमारे ४,८२८ मीटर आहे. या शर्यतींची गुण देण्याची पद्धत मोठी मजेदार आहे. तिच्याकडे आपण पुढे वळूच.

पगार आणि शिल्लक

धावण्यासाठी लागणारी ऊर्जा ढोबळमानाने अंतरावर अवलंबून असते. दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ५ किलोमीटरला सुमारे २५० किलोकॅलरी लागतील, मग तो रमतगमत धावो की जोरात. मग जोरात धावल्यावरच दमछाक का होते? कारण प्रश्न एकूण ऊर्जेचा नसून ती किती त्वरेने पुरवायची, म्हणजेच शक्तीचा आहे.

स्नायूंना ऊर्जा दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग प्राणवायूचा. फुप्फुसे आणि हृदय जेवढा प्राणवायू पोहोचवतील तेवढे इंधन जळते. हा पुरवठा दीर्घकाळ चालतो, पण त्याच्या वेगाला मर्यादा असते. दुसरा मार्ग प्राणवायूवाचूनचा. तो झटपट ऊर्जा देतो, पण त्याचा साठा लहान असतो आणि तो वापरताना स्नायूंतील आम्लता वाढते. पाय शिशासारखे जड होतात ते अशा वेळी.

पहिल्या मार्गाला आपण 'पगार' म्हणू आणि दुसऱ्याला 'शिल्लक'. पगाराच्या आत खर्च केला तर संसार सुरळीत चालतो. त्यापलीकडे खर्च केला की शिल्लक घटू लागते. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 'प्राणवायूचे कर्ज' ही कल्पना मांडली, तीही पैशाच्या व्यवहारातूनच उचललेली आहे. स्नायूंवरील संशोधनासाठी हिल यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९२५ मध्ये त्यांनी धावण्याच्या विक्रमांचा अभ्यास करून, अंतर वाढते तसा टिकवता येणारा वेग कसा घटत जातो हे दाखवले.

शिल्लक मीटरमध्ये मोजा

आता थोडे गणित. समजा, एक मुलगा १,२०० मीटर पूर्ण जोर लावून २६० सेकंदांत धावतो. दुसऱ्या दिवशी तो २,४०० मीटर तसाच जोर लावून ५६० सेकंदांत धावतो. म्हणजे १,२०० मीटर जास्त धावायला त्याला ३०० सेकंद जास्त लागले. भागाकार केला तर वेग आला सेकंदाला ४ मीटर. हा झाला त्याचा पगार. या वेगाने २६० सेकंदांत तो १,०४० मीटर गेला असता. प्रत्यक्षात गेला १,२००. वरचे १६० मीटर आले ते शिल्लकेतून!

म्हणजे सूत्र असे: अंतर = (पगाराचा वेग × वेळ) + शिल्लक.

या सूत्राने त्याच मुलाला ५ किलोमीटरला किती वेळ लागेल? ५,००० मधून १६० वजा केले, ४,८४० उरले. त्याला ४ ने भागले, १,२१० सेकंद. म्हणजे २० मिनिटे १० सेकंद. सूत्र ढोबळ आहे, पण बऱ्याच गोष्टी उलगडून दाखवते.

समजा, बंदुकीचा बार होताच हा मुलगा सर्वांबरोबर उधळला आणि पहिला किलोमीटर २२० सेकंदांत धावला. पगाराच्या वेगाने एवढ्या वेळात ८८० मीटर झाले असते. म्हणून १२० मीटर शिल्लक खर्ची पडली. उरली फक्त ४०. पुढच्या ४ किलोमीटरना (४,००० − ४०) ÷ ४ = ९९० सेकंद. एकूण वेळ पुन्हा १,२१० सेकंदच!

तुम्ही म्हणाल, मग बिघडले काय? दोन गोष्टी बिघडल्या. एक, कागदावर शिल्लक संपल्यावरही पगार पूर्ण मिळतो; प्रत्यक्षात आम्लतेने ग्रासलेले स्नायू तोच वेग धरू शकत नाहीत आणि वेळ वाढतो. दोन, खरी चुरस सुरू होते तेव्हा हा मुलगा जवळजवळ रिकाम्या हाताने उभा असतो.

मुसंडीची मर्यादा

उलट, त्याने ६० मीटर शिल्लक शेवटच्या ४०० मीटरसाठी राखली असती तर? हे अंतर त्याने (४०० − ६०) ÷ ४ = ८५ सेकंदांत तोडले असते. तेवढाच पगार असलेला, पण शिल्लक संपलेला प्रतिस्पर्धी त्या ८५ सेकंदांत ३४० मीटरच जाईल. म्हणजे ६० मीटरांची पिछाडी भरून निघाली.

हे ६० आणि ते ६० सारखे आले हा योगायोग नव्हे. पगार सारखा असेल तर जेवढे मीटर तुमची शिल्लक प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त, तेवढेच मीटर तुम्ही भरून काढू शकता. त्याहून एकही जास्त नाही. ८० मीटर पुढे गेलेल्याला ६० मीटरांच्या शिल्लकेने गाठता येत नाही, मग कितीही दात-ओठ खा! म्हणून मुसंडीवर भिस्त ठेवणाऱ्याने पुढच्याला नजरेच्या टप्प्यात ठेवावेच लागते.

शर्यत संथ झाली तर फायदा कोणाचा?

आता दोन मुले घ्या. 'अ' चा पगार सेकंदाला ४.१ मीटर, शिल्लक ८० मीटर. 'ब' हा आपला मघाचा मुलगा: पगार ४, शिल्लक १६०. प्रत्येक जण आपल्या गतीने धावला तर 'अ' ला (५,००० − ८०) ÷ ४.१ = १,२०० सेकंद लागतील, 'ब' ला १,२१०. 'अ' दहा सेकंदांनी जिंकेल.

पण समजा, पुढे कोणी जायचे या संकोचात दोघे ४,४०० मीटरपर्यंत ४ च्या वेगाने जोडीने धावले. १,१०० सेकंद झाले, कोणाचीच शिल्लक खर्च झाली नाही. उरलेले ६०० मीटर 'अ' ५२० ÷ ४.१ = सुमारे १२७ सेकंदांत धावेल, तर 'ब' ४४० ÷ ४ = ११० सेकंदांत. 'ब' १७ सेकंदांनी जिंकला!

गंमत पाहा. 'ब' ची एकूण वेळ तीच, १,२१० सेकंद. त्याने आपल्या कुवतीपेक्षा अधिक काहीच केले नाही. नुकसान 'अ' ने स्वतःचे करून घेतले. त्याला दर सेकंदाला ०.१ मीटर जास्त पगार मिळत होता, पण त्याची शिल्लक आधीच भरलेली होती. भरल्या हंड्यात ओतलेल्या पाण्यासारखा तो वाया गेला. यावरून डावपेचाचा पहिला नियम निघतो: ज्याच्यापाशी मुसंडी नाही, त्याने सुरुवातीपासून आपला टिकाऊ वेग लावून धरावा. ज्याच्यापाशी ती आहे, त्याला शर्यत संथ झालेली हवीच असते.

वारा, चढ आणि वळण

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटरवर गेलात तर रोध १.४४ पट होतो. ५ मीटर वेगाने धावताना समोरून तेवढाच वारा आला, तर हवेच्या सापेक्ष वेग दुप्पट आणि रोध चौपट! १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये याची मोजमापे प्रसिद्ध केली. सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने धावताना एकूण खर्चापैकी अंदाजे साडेसात टक्के खर्च हवा कापण्यात जातो आणि दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतरावर धावले तर त्यातला सुमारे ८० टक्के वाचतो, असे त्यांना आढळले. वाऱ्याच्या दिवशी घोळक्यात राहणे यालाच शहाणपण म्हणतात.

चढाचे गणितही करू. ५० किलोग्रॅमच्या मुलाने १० मीटर उंची चढली तर कार्य = ५० × ९.८ × १० = ४,९०० ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता एक-चतुर्थांश धरली तर खर्च सुमारे १९,६०० ज्यूल. सपाटीवर त्याला मीटरमागे सुमारे २१० ज्यूल लागतात. म्हणजे हा चढ सपाटीवरच्या सुमारे ९० मीटरांच्या बरोबरीचा! प्रत्यक्ष मोजमापांत आकडा याहून काहीसा कमी येतो, पण चढावर सपाटीचाच वेग ठेवण्याचा हट्ट किती महाग पडतो हे यावरून ध्यानात येईल. चढावर वेग कमी होऊ द्यावा, श्रम मात्र सारखे ठेवावेत. माथ्यावर पोहोचताच बहुतेक जण सुस्कारा टाकून सैलावतात. अनुभवी धावपटू नेमका तेथेच वेग वाढवतो.

आणि वळण? अर्धवर्तुळाकार वळणावर दुसऱ्याच्या बाहेरून एक मीटर अंतर ठेवून गेलात तर π × १, म्हणजे ३.१४ मीटर जादा धावावे लागते. वळणाची त्रिज्या कितीही असो, उत्तर तेच! म्हणून शक्यतो सरळ वाटेवर पुढे जावे.

सिद्धांत आणि धावपटू

अमेरिकन गणिती जोसेफ केलर यांनी १९७३ मध्ये शर्यतीचा गणिती सिद्धांत मांडला. त्यांच्या उत्तरानुसार २९१ मीटरहून लांब शर्यतीत कमीत कमी वेळ नोंदवायचा असेल तर सुरुवातीला वेग घ्यावा, मग जवळजवळ शेवटपर्यंत एकच वेग ठेवावा. अखेरच्या एक-दोन सेकंदांत तर तो किंचित घटेल. मुसंडीला येथे जागाच नाही! मग धावपटू ती मारतात कशी?

कारण केलर यांच्या गणितातला धावपटू एकटा आहे आणि त्याला आपली शिल्लक अचूक ठाऊक आहे. खऱ्या धावपटूला ती ठाऊक नसते. पुढे चढ किती, प्रतिस्पर्ध्यात दम किती, हेही माहीत नसते. म्हणून तो थोडी शिल्लक राखून ठेवतो आणि शेवट दिसला की मोकळी करतो. शिवाय त्याला घड्याळाला नव्हे, शेजारच्याला हरवायचे असते.

कधी कधी मुसंडी हा निव्वळ भासही असतो. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यतीत अमेरिकेचा डेव्ह वॉटल सुरुवातीला सर्वांत मागे होता. शेवटी त्याने एकेकाला गाठत सोव्हिएत संघाच्या अर्झानोवला ०.०३ सेकंदाने हरवले. पण त्याचे दर २०० मीटरांचे वेळ पाहा: सुमारे २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ सेकंद. तो शेवटी फारसा वेगाने धावलाच नाही, बाकीचे मंदावले! सापेक्ष वेगाचा याहून सुंदर धडा कोणता?

अडतिसाव्या मुलाचे मोल

आता गुणांकडे वळू. अमेरिकन शाळांच्या शर्यतीत प्रत्येक संघाचे साधारणपणे सात जण धावतात. पहिल्या पाचांचे क्रमांक हेच त्यांचे गुण. ज्याची बेरीज कमी तो संघ विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकावले तर १ + २ + ३ + ४ + ५ = १५, ही सर्वोत्तम बेरीज.

समजा, एका संघाचे क्रमांक १, ४, ९, १५, ३८ आहेत, बेरीज ६७. दुसऱ्याचे ६, ८, १२, १४, २५, बेरीज ६५. पहिला संघ दोन गुणांनी मागे आहे. पहिल्या क्रमांकाच्या वीराला आता काहीच करता येत नाही, त्याला एकाहून वरचा क्रमांक नाही. पण अडतिसाव्या मुलाने शेवटच्या दोनशे मीटरांत इतर शाळांच्या तिघांना मागे टाकले तर तो ३५ वा होतो, बेरीज ६४ होते आणि सारा संघ जिंकतो! मधल्या गर्दीत मुले एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे थोड्या सेकंदांत बरेच क्रमांक बदलतात. मागे पडलेल्या मुलाने "आता माझे काय राहिले" म्हणून पाय सैल सोडले, तर संघाचा विजय तेथेच निसटतो.

अखेरच्या क्षणांचे मोल आपल्याकडच्या धावपटूंनाही चांगले ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे सैन्यात असताना क्रॉस-कंट्रीतूनच पुढे आला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. सेकंदाला सुमारे ६ मीटर वेगाने हे अंतर होते ३० सेंटिमीटर, तुमच्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांएवढे!

तुम्हीच मोजून पाहा

तुमच्या शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करता येईल. सकाळच्या गारव्यात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, अंग मोकळे करून १,२०० मीटर धावा आणि वेळ नोंदवा. दोन दिवस विश्रांती घेऊन २,४०० मीटर धावा. आलेखावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन दोन बिंदू जोडा. रेषेचा चढ म्हणजे तुमचा पगार. ती उभ्या अक्षाला जेथे छेदते ती तुमची शिल्लक. महिनाभर नियमित सराव करून पुन्हा मोजा आणि दोहोंपैकी काय वाढले ते पाहा.

मग पुढच्या शर्यतीत तुम्हांला नेमके ठाऊक असेल, की मुसंडी कोठून मारायची. आणि तुमची शिल्लक थोडी असेल, तर पहिल्या मीटरपासून आपला वेग कसा लावून धरायचा, हेही.