पेंढ्यापासून इथेनॉल : साखर आतच आहे, मग ती मिळवणे इतके अवघड का?

भाताची कापणी झाली की पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांकडे गव्हाच्या पेरणीसाठी जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. पेंढा उचलायला खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून अनेक जण तो शेतातच पेटवतात. याच पेंढ्यापासून वाहनांचे इंधन तयार करण्यासाठी इंडियन ऑइलने हरियाणात पानिपत येथे ९०० कोटींहून अधिक खर्चाचा प्रकल्प उभारला. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे सुमारे १५० लिटर, असे त्याचे गणित आहे.

उसापेक्षा वेगळे काय?

उसाच्या रसात साखर तयारच असते, यीस्ट घातले की ती आंबते. पेंढ्यातील साखर मात्र सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते. त्यांना लिग्निन हा चिवट पदार्थ धरून ठेवतो, विटांना सिमेंट धरून ठेवते तसा.

प्रक्रिया कशी चालते?

पेंढा बारीक करून त्यावर सहसा सौम्य आम्ल आणि दाबाखालील वाफेचा मारा केला जातो. त्यामुळे ही भिंत सैल होते. मग विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, साखळ्या तोडून साखर मोकळी करतात. यीस्ट ती आंबवते आणि शेवटी ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळे काढतात. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळवता येते.

घोडे कुठे अडते?

विकरांचा खर्च मोठा असतो. हेमिसेल्युलोजमधून निघणारी झायलोज ही साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही, त्यासाठी खास यीस्ट लागते. पेंढ्याबरोबर येणारी माती आणि खडे यंत्रे झिजवतात. शिवाय वर्षभराचा कच्चा माल काही आठवड्यांतच गोळा करून आगीपासून सांभाळावा लागतो. अमेरिकेत ड्युपॉन्टने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल बनवणारा कारखाना २०१५ मध्ये आयोवात सुरू केला. दोनच वर्षांत कंपनीने त्यातून अंग काढून घेतले.

महाराष्ट्राचा संबंध काय?

साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि राज्यातील कारखान्यांची गणिते बिघडली. ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठले. पेंढा किंवा उसाचे चिपाड वापरले तर साखर की इंधन, हा पेच उरत नाही. मात्र चिपाड आजही कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वीज तयार होते. ते इथेनॉलकडे वळवायचे तर विजेचे उत्पन्न सोडावे लागेल.

पानिपतच्या परिसरात प्रश्न याहून सोपा आहे. पेंढ्याचे गठ्ठे पेरणीआधी शेतातून उचलले गेले आणि त्याचे पैसे हातात पडले, तरच शेतकरी काडी लावणार नाही.