गुलाबाला पाणी कमी पडून नाही, जास्त होऊन त्रास होतो!

रनाळ्यात आणि आपल्या नंदुरबारकडे उन्हाचा चटका बघून लोक गुलाबाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. काळ्या मातीत ते निचरतच नाही. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि ते बघून आपण आणखी पाणी ओततो! बोटभर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही बुंध्याशी आणि सकाळी. काळ्या मातीत वाळू किंवा मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नकोच, त्याने मुळं भाजतात.

नर्सरीतलं रोप बहुधा डोळा भरलेलं, म्हणजे जंगली खुंटावर कलम जोडलेलं असतं. त्या जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला की मंडळी खूश होतात. तो जंगली खुंटाचा असतो, वरचं कलम उपाशी ठेवतो. मुळापासून ओढून काढा. सात पर्णिका म्हणजे जंगली, ही खूण मात्र दरवेळी खरी नसते. फुटवा कुठून निघाला तेच बघा.

छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, धारदार कात्रीने तिरका काप. कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, नाहीतर फांदी शेंड्याकडून वाळत येते. साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात.

थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर गंधक चालतं, पण कडक उन्हात ते फवारू नका, पानं करपतात. उन्हाळ्यात लाल कोळी किडीसाठी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा.