श्वास मोजतेय, हे सांगायचं नाही

फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, असंच मलाही वाटायचं. श्वासाचीही फिजिओथेरपी असते, हे वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर नीट कळलं.

पहिल्याच दिवशी चुकले. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका मामांना म्हणाले, "मामा, तुमचा श्वास मोजते हं." मामा सावध झाले आणि लांब श्वास घेऊ लागले. मी लिहिलं, मिनिटाला १४. नंतर मॅडमनी नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरलं, नजर छातीवर ठेवली आणि पूर्ण मिनिट मोजलं. २६! निरोगी प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. माझ्या आकड्यावर विसंबलं असतं, तर मामांचा त्रास कुणाला दिसलाच नसता.

तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी नुसतं बघायचं: बोलताना वाक्य मध्येच तुटतं का, श्वास घेताना खांदे उचलले जातात का. मग हात ठेवून छातीच्या दोन्ही बाजू सारख्या फुलतात का ते पाहायचं. नंतर बोटाने ठोकायचं. हवा असलेली जागा पोकळ वाजते, पाणी साठलेली ठस्स. शेवटी स्टेथोस्कोप. १८१६ मध्ये लॅनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून छाती ऐकली, तिथून हे यंत्र आलं. डावी-उजवी बाजू ताडून बघायची आणि पाठ कधीच सोडायची नाही, कारण फुफ्फुसांचा खालचा भाग मुख्यतः पाठीकडूनच ऐकू येतो.

मामांचा कफ तिथेच अडकला होता. टाके दुखतात म्हणून खोल श्वास नाही, खोकलाही नाही. उपचार तीन टप्प्यांचा. थोडा वेळ शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी तीन सेकंद रोखून, म्हणजे हवा कफाच्या मागे पोचते. आणि मग 'हफ'. हे 'हफ' मामांना काही केल्या कळेना. शेवटी म्हटलं, "मामा, चष्मा पुसताना काचेवर वाफ सोडता ना? तसंच 'हाऽ' करा, जरा जोरात." टाक्यांवर उशी धरून त्यांनी केलं. दोन-तीन फेऱ्यांनी बेडका सुटला.

"आता बरं वाटतंय बघ," मामा म्हणाले. मी त्यांचं मनगट धरलं आणि काही न बोलता पुन्हा मोजलं. २०.

पुस्तकातला शब्द मी पाठ केला होता. पण मामांना कळेल असा शब्द शोधणं, हाही उपचाराचाच भाग आहे.