पेरूचा समुद्र : खत, मासळी आणि पर्जन्य

पेरू म्हटले म्हणजे आपल्याकडे प्रथम फळाची आठवण होते. प्रस्तुत लेखातील पेरू हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील देश होय. (ते फळही मूळचे अमेरिका खंडातीलच, एवढा योगायोग मात्र आहे.) या दूरच्या देशाशी आपल्या शेतकऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु समुद्रकाठचे राष्ट्र समुद्रावर किती अवलंबून असते, त्यातून ते काय काढून घेते आणि या व्यवहाराची झळ हजारो मैलांवरच्या शेतापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घ्यावयाचे असल्यास पेरूइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पेरूची किनारपट्टी म्हणजे ओसाड वाळवंट. राजधानी लिमा येथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. जमीन अशी दरिद्री, परंतु तिला लागून असलेला समुद्र मात्र जगातील अत्यंत संपन्न समुद्रांपैकी एक आहे. याचे कारण शेतकऱ्यास सहज उमगण्यासारखे आहे. समुद्रातील मृत जीवांचे अवशेष तळाकडे जातात व त्यांतील नत्र आणि स्फुरद खोल पाण्यात साठून राहते. वरच्या थरात सूर्यप्रकाश असतो, पण अन्नद्रव्ये अपुरी पडतात. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून वारे वाहतात. त्यांच्यामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याची जागा घेण्यास खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. खोल नांगरटीने खालचा थर वर यावा, तसाच हा प्रकार. ही नांगरट तेथे वारा वर्षभर करीत असतो. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पतींचे पीक येते आणि त्या पिकावर अँकोव्हेटा नावाची बोटभर लांबीची मासळी अगणित संख्येने पोसली जाते. आपल्याकडील मांदेली ही याच कुळातील.

या मासळीवर समुद्रपक्षी जगतात. किनाऱ्याजवळच्या खडकाळ बेटांवर ते वस्ती करतात आणि पाऊस नसल्यामुळे त्यांची विष्ठा वाहून न जाता थरावर थर साचत जाते. हेच ग्वानो खत. चांगल्या ग्वानोत नत्र दहा ते चौदा टक्के व स्फुरदही जवळजवळ तितकेच असते. आपल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते. इंका राजवटीत ही बेटे निरनिराळ्या प्रांतांना वाटून दिलेली होती आणि विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्यास किंवा पक्षी मारणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती, असे जुन्या इतिहासकारांनी नोंदविले आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट याने १८०२ मध्ये पेरूस भेट दिली व या खताचे नमुने युरोपात नेले. १८४० च्या सुमारास निर्यात सुरू झाली आणि पुढील चार दशकांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो जहाजांतून परदेशी गेला. काही वर्षे पेरू सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या या खतातून येत असे. हे खत खणण्यासाठी चीनमधून करारावर आणलेल्या मजुरांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. चिंचा बेटांवर हजारो वर्षांचे, दीडशे फुटांपर्यंत जाडीचे थर होते. तेथे काही दशकांतच उघडा खडक दिसू लागला. इंग्लंडच्या शेतांत सलगम पिकला, परंतु पेरूच्या हाती मुख्यतः कर्जच उरले.

शहाणपण आले ते १९०९ मध्ये. ग्वानोच्या व्यवस्थेसाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. बेटांवर रखवालदार नेमण्यात आले, आळीपाळीने बेटे बंद ठेवून पक्ष्यांना विणीस अवसर देण्यात आला आणि खत पेरूच्याच शेतकऱ्यांस मिळू लागले. १९५५ च्या सुमारास पक्ष्यांची संख्या दोन कोटींच्या घरात होती. समुद्राच्या उत्पन्नावर जगण्याची ही पद्धत मला तरी अनुकरणीय वाटते.

मात्र याच सुमारास मासळी पकडण्याचा नवा धंदा उभा राहिला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सार्डिन मासळी अतोनात पकडल्यामुळे संपुष्टात आली होती. तेथील बंद कारखान्यांची यंत्रे पेरूत येऊन पोहोचली. नायलॉनची जाळी आली. पकडलेली अँकोव्हेटा माणसाच्या ताटात जात नव्हती. ती वाळवून, दळून तिची भुकटी केली जाई व युरोप-अमेरिकेतील कोंबड्यांना आणि डुकरांना खाऊ घातली जाई. एक टन भुकटीस साडेचार ते पाच टन ताजी मासळी लागते. चिंबोटे हे साधे बंदर काही वर्षांतच मासळीच्या धंद्याचे जगातील अग्रगण्य केंद्र झाले. कारखान्यांचे रक्तमिश्रित, तेलकट पाणी जवळच्या फेरोल उपसागरात सोडले जाई आणि त्या उपसागराची दुर्दशा झाली.

येथे एल निनो या घटनेचा परिचय करून देणे आवश्यक आहे. दर काही वर्षांनी, साधारणतः नाताळच्या सुमारास, पेरूच्या किनाऱ्यावर उबदार पाणी पसरते. खालचे खतयुक्त पाणी वर येईनासे होते, मासळी पांगते वा खोल जाते आणि पक्षी उपाशी मरतात. नाताळच्या सणावरून कोळ्यांनी त्यास बाळ येशूचे नाव दिले. हे संकट नवे नव्हे. १९५७ च्या एल निनोत पक्षी असंख्य मेले, पण काही वर्षांत त्यांची संख्या बरीच भरून आली. १९६५ च्या एल निनोनंतर मात्र ती पन्नास लाखांच्याही खाली गेली व पूर्वीची पातळी पुन्हा कधीच गाठली गेली नाही. कारण या वेळी पक्ष्यांच्या वाट्याची मासळी जहाजे उचलीत होती. हा इशारा पुरेसा होता.

वर्षास सुमारे ९५ लाख टनांपलीकडे मासळी काढू नये, असे तज्ज्ञांनी सांगितले होते. १९७० मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन काढली गेली. १९७१ मध्ये नवी पिलावळ फारच थोडी वाढली. १९७२ च्या आरंभी उबदार पाणी पसरले, तेव्हा उरलेली मासळी किनाऱ्यालगतच्या थंड पाण्याच्या अरुंद पट्ट्यात दाटीने गोळा झाली. त्यामुळे सुरुवातीस जाळी भरभरून येऊ लागली आणि समुद्रात मासळी विपुल आहे असा समज झाला. उन्हाळ्यात तळे आटू लागले म्हणजे उरलेल्या डबक्यात मासे हाताने धरता येतात, त्यातलाच हा प्रकार होता. काही महिन्यांतच जाळी रिकामी येऊ लागली. १९७३ मध्ये पूर्ण वर्षाची पकड वीस लाख टनांपर्यंतही गेली नाही. त्याच वर्षी सरकारने हा सर्व धंदा ताब्यात घेतला. सहस्रावधी कोळी व कामगार बेकार झाले.

याचा परिणाम पेरूपुरता राहिला नाही. मासळीची भुकटी मिळेनाशी झाल्यामुळे पशुखाद्यासाठी सोयाबीनची मागणी एकदम वाढली. इतर कारणेही होतीच, पण भाव इतके चढले की जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ रोखली. सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने मग ब्राझीलकडे लक्ष वळविले आणि त्या देशातील सोयाबीनच्या लागवडीस मोठी चालना मिळाली.

१९७२ हे साल महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या शेतकऱ्यांस वेगळे सांगावयास नको. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव खडी फोडण्याची व बंधाऱ्यांची कामे निघाली आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना आकारास आली. पेरूच्या समुद्रातील उबदार पाणी आणि आपल्याकडे रुसलेला पाऊस यांचा एकाच वर्षी आलेला योग निव्वळ अपघात नव्हता. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ मध्ये आलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला. पुढे १९६० नंतरच्या दशकात जेकब ब्यर्कनेस यांनी त्याची एल निनोशी सांगड घातली. तथापि सर्व दोष एल निनोवर टाकणे योग्य नाही. १९७२ च्या आधीची दोन वर्षेही आपल्याकडील अनेक भागांत पाऊस अपुरा होता. शिवाय १९९७ मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशातील मान्सून सर्वसाधारण राहिला.

पेरूने पुढे बराच धडा घेतला. आता मत्स्यहंगामापूर्वी तेथील सागरी संशोधन संस्था जहाजांवरून मासळीचा अंदाज घेते आणि त्यावरून पकडीची मर्यादा ठरते. २००८ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाचा वाटा ठरवून दिल्यामुळे घाईघाईने समुद्र उपसण्याची स्पर्धा ओसरली. पकडीत बारा सेंटिमीटरपेक्षा लहान मासळी ठराविक प्रमाणाबाहेर आढळल्यास तो भाग बंद केला जातो. पकड अद्याप वरखाली होते. २०१८ मध्ये ती साठ लाख टनांच्या आसपास होती. २०२३ मध्ये एल निनो पुन्हा आला. चाचणीच्या जाळ्यांत लहान मासळीच फार निघाली, तेव्हा सरकारने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. कारखाने बंद राहिले व देशास मोठा तोटा सोसावा लागला. परंतु १९७२ प्रमाणे शेवटची मासळी उपसली गेली नाही. २०२४ मध्ये जहाजे पुन्हा मासेमारीस गेली व पकड चांगली झाली.

त्याच २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कमी ऑगस्टचा पाऊस झाला आणि ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सबब ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंनी एप्रिल व मे महिन्यांतील हवामान खात्याच्या अंदाजांत पॅसिफिक समुद्राच्या तापमानाविषयी जे सांगितलेले असते, ते वगळून पुढे जाऊ नये. एल निनोची शक्यता वर्तविली असेल त्या वर्षी तूर, मूग, बाजरी यांच्या लवकर येणाऱ्या वाणांचे बियाणे गावात उपलब्ध आहे की नाही, हे पेरणीपूर्वीच पाहावे. पहिल्या सरीवर घाईने धूळपेरणी करण्यापासून शेतकऱ्यांस परावृत्त करावे आणि वैरणीचा हिशेब ऑगस्टच्या खंडापूर्वी मांडून ठेवावा. पाऊस चांगला झाला, तर या तयारीने कोणाचे नुकसान होत नाही. लवकर येणाऱ्या वाणामागे रब्बीसाठी शेत वेळेवर मोकळे मिळते.