हॉर्न-हुक कपलर

हॉर्न-हुक कपलर (अन्य नाव: एक्स२एफ) हा एचओ प्रमाणाच्या, म्हणजे १:८७ मापाच्या, मॉडेल आगगाड्यांचे डबे एकमेकांना जोडणारा छोटा भाग आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या बहुतेक एचओ गाड्यांवर तो असे. नव्या मॉडेलांवर तो आता क्वचितच आढळतो. मात्र जुन्या संग्रहांत तो मोठ्या संख्येने शिल्लक असल्याने त्याचे काय करावे, हा प्रश्न छंदिष्टांपुढे वारंवार येतो.

इतिहास

अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या (स्थापना १९३५) पुढाकाराने हा कपलर १९५० च्या दशकात विकसित झाला. संस्थेने त्याला अधिकृत मानक म्हणून कधीच मान्यता दिली नाही. तरीही तो स्वस्त आणि वापरास खुला असल्याने उत्पादकांनी तो सर्रास स्वीकारला.

रचना व दोष

दोन कपलर समोरासमोर येताच त्यांची तिरकी टोके एकमेकांवरून सरकतात आणि बाजूच्या स्प्रिंगमुळे आत अडकतात. गाडी ओढताना ही रचना चांगली चालते. इंजिन मागून ढकलू लागले की तिरक्या टोकांमुळे जोर आडवा पडतो आणि हलके डबे, विशेषतः उलटसुलट वळणांवर, रुळांवरून घसरतात. शिवाय खऱ्या अमेरिकी गाड्यांवरील मुठीच्या आकाराच्या कपलरशी त्याचे काहीच साम्य नाही. केडी कंपनीचा चुंबकाने सुटणारा कपलर दिसायला अस्सल होता आणि शंटिंगलाही सोयीचा होता. १९९० च्या दशकात त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर उत्पादकांनीही तसेच कपलर बाजारात आणले आणि हॉर्न-हुक मागे पडला.

जुन्या कपलरांचे उपयोग

हे दोन प्रकार एकमेकांत अडकत नाहीत. त्यामुळे जुने डबे वापरात ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे 'सांधा-डबा': एका टोकाला हॉर्न-हुक, दुसऱ्या टोकाला नवा कपलर. असा एकच डबा इंजिनामागे लावला की मागचा सगळा जुना ताफा तसाच धावू शकतो. सहसा न सुटणाऱ्या गाड्यांत आतल्या जोडांवर हॉर्न-हुक ठेवून केवळ दोन्ही टोकांचे कपलर बदलले तरी भागते. अर्थात, अशी गाडी ढकलण्याचा मोह टाळावा लागतो.

काढलेले कपलर तुटलेल्यांच्या जागी सुटे भाग म्हणून उपयोगी पडतात. संग्राहकांच्या दृष्टीने मूळ कपलर असलेला डबा अधिक अस्सल ठरतो, म्हणून बदल करताना काढलेले भाग त्या डब्याच्याच खोक्यात जपून ठेवणे शहाणपणाचे असते. अनेक जुन्या डब्यांत कपलर चाकांच्या बोगीलाच जोडलेला असतो. तेथे तो नुसता कापून टाकल्यास मूळ स्थिती परत आणता येत नाही. संपूर्ण बोगी बदलून जुनी राखून ठेवणे बरे.

उरलेल्यांचा एक उपयोग सजावटीचा आहे. गंजाच्या रंगात रंगवून उघड्या वाघिणीत किंवा मॉडेल कारखान्याच्या आवारात टाकल्यास ते भंगाराचा ढीग म्हणून शोभतात. १:८७ च्या हिशेबाने ते खऱ्या कपलरपेक्षा बरेच मोठे असल्याने तुकडे करून, तार व इतर कचऱ्यात मिसळून टाकावे लागतात. त्यांपैकी बरेचसे ॲसिटलसारख्या गुळगुळीत प्लास्टिकचे असतात. त्यावर मॉडेलांचा नेहमीचा गोंद धरत नाही आणि रंगाचे पोपडे निघतात. म्हणून पृष्ठभाग आधी खरवडून घेतात आणि ढीग पांढऱ्या गोंदाच्या जाड थरात रुतवतात.