गीझर का गुरगुरतो?

शिंद्यांच्या काळापासून उज्जैनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी एक म्हणजे माझ्या मावशीचे सासर. माळव्याच्या थंडीत तिथे रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. तरी विलायतेप्रमाणे नळ्यांतून गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवण्याची चाल आपल्याकडे नाही. गरम पाण्याशी आपला संबंध न्हाणीघरापुरता. पूर्वी तिथे तांब्याचा बंब असे, आता २५ लिटरचा विजेचा गीझर आहे. मी डिसेंबरात गेलो तेव्हा हा गीझर गुरगुरत होता, नळ्या टकटकत होत्या आणि दिवसातून दोनदा भिंतीत धाडकन् काही आपटत होते. नळ दुरुस्त करणाऱ्याने नवा गीझर घ्यायला सांगितले होते. मावशी म्हणाली, "अरे, तू फिजिक्सवाला ना? बघ बरं, कसलं भूत शिरलंय ते."

अशा वेळी आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो हे आधी पाहावे. लोखंडी नळीतून आवाज दूरवर जातो, त्यामुळे कान हमखास फसतो; घड्याळ फसत नाही.

गुरगुर फक्त वीज चालू असताना होई. चहाचे आधण उकळण्यापूर्वी सूं सूं करते, त्याचेच हे मोठे भावंड. तळाशी तापलेल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, वरच्या थंड पाण्यात जाताच ते मिटतात, आणि मिटताना आवाज करतात. पण ६० अंशांवर बंद होणाऱ्या गीझरात वाफ कशी होणार? उत्तर पाण्याच्या जडपणात आहे. मावशीकडे कूपनलिकेचे पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की फुटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर तापत्या कांडीवर बसतो. थराच्या भेगांत अडकलेले पाणी बाकीचे पाणी कोमट असतानाच उकळते. थर उष्णता अडवतो, म्हणून कांडी प्रमाणाबाहेर तापून एक दिवस जळते. गीझर बदलण्याची गरज नाही. मुख्य बटण बंद करून जाणत्याकडून कांडी साफ करून घेतली की झाले.

टकटक अगदीच निरुपद्रवी. तीन मीटरची लोखंडी नळी ४० अंशांनी तापली की सुमारे दीड मिलिमीटर वाढते आणि भिंतीतल्या पकडीत अडखळत सरकते.

धाड मात्र गीझरची नव्हतीच! गच्चीवरची टाकी भरून मोटार बंद केली की तो आवाज येई. चढते पाणी थबकून मागे फिरते आणि उलट प्रवाह रोखणारी झडप आपटते. धावते पाणी एकाएकी अडले तर दाब किती वाढतो याचे गणित रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ साली मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी लोखंडी नळीत क्षणात थांबले, तर दाब वातावरणाच्या १२-१३ पट वाढतो. सांधे गळू लागतात ते यामुळे. पाणी मागे फिरण्यापूर्वीच मिटणारी स्प्रिंगची झडप हा त्यावरचा उपाय.

खरी भीती मला वाटली ती जिथे आवाज नव्हता तिथे. गीझरच्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकते म्हणून काकांनी तिच्या तोंडात लाकडी पाचर ठोकली होती. वास्तविक ते ठिबकणे हा दोष नव्हे. १५ अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. उलट जाण्याची वाट बंद असल्याने तेवढे पाणी बाहेर पडायलाच हवे. झडप बंद, आणि त्यातच तापमान राखणारे यंत्र बिघडले, तर दाबाखालचे पाणी १०० अंशांच्याही पुढे तापत जाते. टाकी फुटताक्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १६०० लिटर जागा मागते. जुना बंब तोंडाने उघडा असे, त्यामुळे त्याला ही भीती नव्हती.

काकांनी थोडी कुरकूर केली, पण पाचर निघाली. झडपेला रबरी नळी जोडून तिचे तोंड मोरीत सोडले. कांडीवरून तांब्याभर खपल्या निघाल्या, गुरगुर थांबली. टकटक अजून चालू आहे.